आर्द्रतामापक दर वेळी वेगळा आकडा दाखवतोय? आधी त्याच्या शेजारचं तापमान वाचा

तक्रार बहुतेक वेळा अशीच येते. एकाच खोलीत दोन आर्द्रतामापक ठेवलेत; एक ५८ टक्के सांगतो, दुसरा ४९. खात्री करायला तिसरा आणला, तर तो ५३ वर अडून बसतो. किंवा उपकरण एकच आहे, पण सकाळी ८० आणि दुपारी ५६ दाखवतं, आणि खोली तर दिवसभर बंद होती. उपकरण बदलून बघितलं तरी थोड्या दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

माझं ठाम मत असं आहे की यातल्या बऱ्याच तक्रारींमध्ये उपकरण बरोबरच असतं. टक्क्याच्या शेजारी जे तापमान दिसतं ते कुणी वाचत नाही, आणि घोळ नेमका तिथे असतो. म्हणून तपासणीचा क्रम असा ठेवा: आधी तापमान, मग जागा, मग सेन्सरची अवस्था, आणि कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या आर्द्रतेशी वाचन ताडून बघणं, सगळ्यात शेवटी. लोक नेमके उलट जातात. पहिल्याच दिवशी मागचा स्क्रू फिरवतात किंवा ॲपमध्ये ‘ऑफसेट’, म्हणजे वाचनात कायमचा मिळवायचा किंवा वजा करायचा आकडा, भरून मोकळे होतात, आणि मग जे उपकरण ठीक होतं तेही बिघडतं.

टक्का कशाचा?

सापेक्ष आर्द्रतेचा टक्का हवेतलं पाणी थेट सांगत नाही. त्या तापमानाला बाष्पदाब जास्तीत जास्त जेवढा असू शकतो, त्याच्या किती टक्के आत्ता आहे, एवढंच तो सांगतो. ही कमाल मर्यादा, म्हणजे संपृक्त बाष्पदाब, तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. पुढचे आकडे एका कागदावर लिहून उपकरणाशेजारी चिकटवून ठेवा, फार उपयोगी पडतात. २० अंश सेल्सिअसला संपृक्त बाष्पदाब २३.४ हेक्टोपास्कल असतो, २२ ला २६.५, २४ ला २९.९, २५ ला ३१.७, २६ ला ३३.६, २७ ला ३५.७, २८ ला ३७.८ आणि ३० ला ४२.५. म्हणजे दहा अंशांच्या फरकात मर्यादा पावणेदोन पटीच्याही वर जाते.

आता सकाळच्या ८० आणि दुपारच्या ५६ कडे बघू. सकाळी तापमान २२ अंश होतं. २६.५ चे ८० टक्के म्हणजे हवेतला प्रत्यक्ष बाष्पदाब २१.२ हेक्टोपास्कल. दुपारी खोली तापून २८ अंशांवर गेली. पाणी तेवढंच, २१.२, पण मर्यादा आता ३७.८ झाली. २१.२ ला ३७.८ ने भागा, ५६ टक्के येतात. हवेतलं बाष्प थेंबभरही कमी झालेलं नाही. उपकरणाने दोन्ही वेळा खरंच सांगितलं.

दोन उपकरणांच्या भांडणातही हाच हिशोब चालतो. ५८ टक्के सांगणाऱ्या उपकरणावर तापमान २४ अंश आहे: २९.९ गुणिले ०.५८, म्हणजे १७.३. ४९ टक्के सांगणाऱ्यावर २७ अंश: ३५.७ गुणिले ०.४९, म्हणजे १७.५. नऊ टक्क्यांचा फरक कुठल्या कुठे गेला! दोघेही एकाच हवेबद्दल बोलताहेत, फक्त एक जरा गरम जागी बसला आहे. पण एक उपकरण २५ अंशांना ६० टक्के आणि दुसरं २५ अंशांनाच ४८ टक्के दाखवत असेल, तर गुणाकार १९.० आणि १५.२ येतो. ही खरी तफावत. पुढची मेहनत अशाच वेळी करायची.

गुणाकाराचा कंटाळा येत असेल तर दवबिंदू बघा, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाली की दव धरू लागतं ते तापमान. बऱ्याच डेटा लॉगरमध्ये (वाचनं नोंदवून ठेवणाऱ्या उपकरणांमध्ये) आणि ॲपमध्ये दवबिंदूचा पर्याय असतो, तो चालू करा. दवबिंदू हवेतल्या बाष्पावर ठरतो, त्यामुळे खोली नुसती तापली किंवा थंड झाली म्हणून तो हलत नाही. एकाच खोलीतल्या दोन चांगल्या उपकरणांचे दवबिंदू अर्ध्या-एक अंशाच्या आत जुळले तर टक्क्यांच्या फरकाची काळजी सोडून द्या. आर्द्रता जास्त असताना तोंडी अंदाजही करता येतो: १०० मधून टक्का वजा करा, पाचाने भागा, आणि आलेला आकडा तापमानातून वजा करा. २५ अंश आणि ६० टक्के असतील तर २५ वजा ८, म्हणजे १७ अंश. नेमका आकडा १६.७ च्या आसपास येतो. ५० टक्क्यांच्या खाली मात्र हा अंदाज वापरू नका, तिथे तो भरकटतो.

उपकरण स्वतःच गरम होत असेल तर

घरी जोडलेल्या सर्किटमध्ये हा दोष हमखास सापडतो. बीएमई२८० किंवा एसएचटी३१ सारखा छोटा सेन्सर वाय-फायच्या चिपला अगदी खेटून बसवलेला असतो, वरून प्लास्टिकची बंद डबी. चिप तापते, डबीतली हवा तापते, आणि सेन्सर खोलीपेक्षा तीन अंश गरम हवा मोजत राहतो. मग खोलीत २५ अंश आणि ६० टक्के असताना पडद्यावर २८ अंश आणि ५० टक्के येतात.

बरेच जण इथे आर्द्रतेत सरळ १० मिळवून टाकतात. कृपया तसं करू नका. तो दहाचा फरक फक्त त्या तापमानाला आणि त्या आर्द्रतेला लागू होता. हवा कोरडी झाली की तोच दहा चुकीचा ठरतो. योग्य रीत अशी: सेन्सरने दाखवलेला टक्का घ्या, सेन्सरच्या तापमानाच्या संपृक्त बाष्पदाबाने गुणा, आणि वेगळ्या तापमापकाने मोजलेल्या खोलीच्या तापमानाच्या संपृक्त बाष्पदाबाने भागा. ५० गुणिले ३७.८ भागिले ३१.७, उत्तर ५९.६. प्रोग्रॅममध्ये ही एक ओळ घातली की काम झालं. त्याहून चांगला उपाय म्हणजे सेन्सरला लांब वायर देऊन डबीबाहेर काढणं, किंवा दोन मोजणींच्या मध्ये सर्किटला झोपू देणं.

डीएचटी११ आणि डीएचटी२२ हे आर्द्रतेचे सेन्सर वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. डीएचटी११ ला सेकंदातून एकदा आणि डीएचटी२२ ला दोन सेकंदांतून एकदा, याहून जास्त वेळा विचारू नका. घाई केली की आकडा येत नाही किंवा जुनाच येतो. आणि डेटाच्या तारेला पुरवठ्याशी जोडणारा ४.७ ते १० किलो-ओहमचा रेझिस्टर आहे ना, ते बघा. मधूनमधून वाचन गायब होण्यामागे बऱ्याचदा हाच रेझिस्टर नसणं किंवा नको तेवढी लांब वायर असते. शिवाय डीएचटी११ ची अचूकताच अधिक-उणे ५ टक्के आहे. असे दोन सेन्सर शेजारी ठेवले आणि त्यांच्यात आठ टक्क्यांचा फरक दिसला, तर दोघेही आपापल्या मर्यादेत असू शकतात. त्यांच्याकडून त्याहून जास्त मागणं योग्य नाही.

जागा

बाहेरच्या थंड भिंतीला टेकवलेलं उपकरण भिंतीची आर्द्रता सांगतं, खोलीची नाही. खिडकीतल्या उन्हात, दिव्याच्या वर, टीव्हीच्या मागे, एसीच्या झोतात, स्वयंपाकाच्या वाफेत ठेवलेल्या उपकरणाचंही तेच. खोलीची हवा मोजायची तर उपकरण माणसाच्या छातीच्या उंचीवर, आतल्या भिंतीपाशी, मोकळ्या हवेत हवं.

पण भिंतीला बुरशी धरत असेल, तर मुद्दाम त्या भिंतीपाशीच मोजा. खोलीच्या मध्यभागी २५ अंश आणि ६० टक्के दिसत असतात, सगळं ठीक वाटतं. कपाटामागचा भिंतीचा पृष्ठभाग १८ अंशांचा असेल तर? तिथे संपृक्त बाष्पदाब २०.६ हेक्टोपास्कल आहे आणि हवेतला बाष्पदाब १९.०. भागाकार ९२ टक्के. बुरशीला एवढं पुरून उरतं. खोलीतला आकडा खोटा नव्हता, तो फक्त चुकीच्या जागेचा होता. कपाट भिंतीपासून थोडं पुढे ओढून मागे हवा खेळती ठेवली की पृष्ठभागाचं तापमान खोलीच्या जवळ येतं आणि आकडा उतरतो. मला विचाराल तर आर्द्रतामापकाचा घरातला सगळ्यात मोलाचा उपयोग हाच आहे, आणि तो दिवाणखान्याच्या टेबलावर ठेवून साधत नाही.

नवीन जागी ठेवल्यावर लगेच वाचू नका. उघडा सेन्सर वाहत्या हवेत काही सेकंदांत प्रतिसाद देतो, पण प्लास्टिकच्या डबीतल्या उपकरणाला अर्धा तास तरी द्या. थंड गाडीतून उबदार घरात आणलेल्या उपकरणाच्या आत चक्क दव धरू शकतं, आणि मग ते तासभर ९९ वर अडकून राहतं.

९९ वर अडकलेला किंवा सतत वर राहणारा सेन्सर

आजच्या बहुतेक डिजिटल उपकरणांत धारिता मोजणारा सेन्सर असतो. दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये पॉलिमरचा पातळ थर, तो हवेतलं बाष्प शोषतो आणि त्याची विद्युत धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलते. १९७३ मध्ये फिनलंडच्या व्हायसाला कंपनीने अशा पातळ थराचा सेन्सर बाजारात आणला आणि आर्द्रता मोजण्याची पद्धतच बदलली. पण जो थर बाष्प शोषतो, तो इतर वाफाही शोषतो. डिंक, सिलिकॉन सीलंट, ताजा रंग, अल्कोहोल, सॅनिटायझर, काही प्रकारचा पॅकिंगचा फोम, चिकटपट्टी, या सगळ्यांची वाफ त्या थरात जाऊन बसते आणि वाचन काही टक्क्यांनी सरकतं. नवीन सेन्सर फोममध्ये गुंडाळून महिनोन्महिने ठेवला असेल तर तो सुरुवातीपासूनच सरकलेला असू शकतो. सेन्सरच्या छोट्या छिद्रावर अल्कोहोलचा बोळा फिरवून ‘स्वच्छ’ करू नका, त्याने आजार वाढतो.

बराच काळ दमट हवेत राहिल्यानेही वाचन वर सरकतं. ८० टक्क्यांहून जास्त आर्द्रतेत दोन-तीन दिवस सलग राहिलेला सेन्सर तीनेक टक्के जास्त दाखवू शकतो. ही सरक तात्पुरती असते. सामान्य हवेत ठेवला की सेन्सर आपोआप, पण सावकाश, मूळ जागी येतो. तेव्हा पावसाळी आठवड्यानंतर लगेच ऑफसेट भरायला धावू नका.

सरक जातच नसेल तर सेन्सर भाजून बघता येतो. नुसता सेन्सर; बॅटरी, पडदा आणि प्लास्टिक बाजूला काढून. एसएचटी जातीच्या सेन्सरसाठी उत्पादकाने सांगितलेली रीत १०० ते १०५ अंश तापमानाच्या कोरड्या हवेत १० तास, आणि त्यानंतर खोलीच्या तापमानाला साधारण ७५ टक्के आर्द्रतेत १२ तास अशी आहे. डीएचटी जातीला एवढी उष्णता सोसत नाही: त्यांना ५० ते ६० अंशांना कोरड्या हवेत दोन तास आणि मग ७० टक्क्यांहून जास्त आर्द्रतेत पाच तास. दुसरी पायरी गाळू नका. भाजलेला थर पूर्ण कोरडा असतो, त्याला पुन्हा बाष्प मिळाल्याशिवाय तो खरं वाचन देत नाही.

काट्याची जुनी उपकरणं

केसाचा आर्द्रतामापक १७८३ पासून, म्हणजे जिनिव्हाच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांच्यापासून चालत आला आहे. तेल काढून टाकलेला माणसाचा केस पूर्ण कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत नेला की लांबीत साधारण अडीच टक्क्यांनी वाढतो, आणि तेवढ्या वाढीवर काटा फिरतो. हे उपकरण फार दिवस कोरड्या हवेत राहिलं की केस आळसावतो आणि काटा चुकीच्या जागी थांबतो. उपाय जुनाच आणि चांगला आहे: ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्यात अर्धा-पाऊण तास गुंडाळून ठेवा, पाणी आत जाऊ देऊ नका, आणि उघडताच काटा ९५ ते ९७ च्या आसपास आहे का बघा. नसेल तर मागचा स्क्रू अगदी हलक्या हाताने फिरवा. वाचण्यापूर्वी काचेवर बोटाने हलकी टिचकी मारायची सवय ठेवा, घर्षणाने अडलेला काटा सुटतो.

स्वस्त गोल डायलच्या बऱ्याच उपकरणांत केस नसतोच. धातूच्या गुंडाळीवर बाष्प शोषणारा लेप असतो. ओल्या फडक्याने ती ताजीतवानी होत नाहीत. ती शोभेची म्हणून ठेवा. गिटार, कॅमेऱ्याच्या लेन्स किंवा अंडी उबवण्याचं यंत्र त्यांच्या भरवशावर सोडू नका.

ओल्या-कोरड्या फुग्याच्या तापमापकाबद्दल मला विशेष आपुलकी आहे: दोन तापमापक, त्यातल्या एकाच्या फुग्यावर ओली वात, आणि दोघांच्या फरकावरून आर्द्रता. त्यात बिघडण्यासारखं जवळजवळ काही नाही, आणि जे बिघडतं ते डोळ्यांना दिसतं. मलमलीची वात मळकी, कडक किंवा पिवळी पडली असेल तर पाणी नीट चढत नाही, फुगा पुरेसा थंड होत नाही, आणि आर्द्रता खऱ्यापेक्षा जास्त येते. किती जास्त? कोरडा २७ आणि ओला २२ असेल तर पुरेशा वाऱ्यात आर्द्रता साधारण ६५ टक्के. वात खराब असल्यामुळे ओला २३ वर थांबला तर तोच हिशोब ७१ सांगतो. एका अंशाला सहा टक्के. म्हणून वात धुतलेली, पाणी डिस्टिल्ड आणि खोलीच्याच तापमानाचं हवं. नळाच्या पाण्यातले क्षार वातीत साचतात. आणि फुग्यावरून सेकंदाला तीनेक मीटर वेगाने हवा वाहायला हवी. भिंतीवर टांगलेल्या तापमापकाला फिरवून मोजायच्या किंवा पंख्याच्या तापमापकाचा तक्ता लावला तर आकडा वरच येणार. घरात दुसरं काही विश्वासाचं नसेल तर दोन सारखे तापमापक, वात आणि छोटा पंखा एवढ्या सामग्रीवर तुम्ही महागड्या डिजिटल उपकरणाची उलटतपासणी करू शकता.

मिठाची चाचणी, नीट केली तर

एवढं करूनही दोन उपकरणांचे दवबिंदू जुळत नसतील, तर आता कॅलिब्रेशन. बंद जागेत मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा ठरावीक आर्द्रतेला स्थिरावते. साध्या मिठासाठी २५ अंशांना ती ७५.३ टक्के असते, २० अंशांना ७५.५ आणि ३० अंशांना ७५.१, म्हणजे तापमानाने फारशी हलत नाही. मॅग्नेशियम क्लोराइडसाठी २५ अंशांना ३२.८ टक्के. हे आकडे अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या ग्रीनस्पॅन यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यातले आहेत आणि आजही तेच वापरले जातात.

पहिली चूक मिठात पाणी जास्त घालण्याची. सगळं मीठ विरघळलं तर द्रावण संपृक्त राहत नाही आणि आर्द्रता ७५ च्या वर जाते. मीठ ओल्या वाळूसारखं दिसलं पाहिजे, खडे स्पष्ट दिसतील इतकं. छोट्या झाकणात ते भरा, उपकरणासह घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवा, मीठ उपकरणाला लागू देऊ नका, आणि डबा जेवढा लहान तेवढं बरं. किमान आठ तास, जमल्यास पूर्ण दिवस थांबा. झाकण न उघडता बाहेरूनच वाचा.

दुसरी चूक तापमानाची, आणि ही जवळजवळ कुणाच्या लक्षात येत नाही. मिठाचं आणि सेन्सरचं तापमान सारखं असायला हवं. मीठ २५ अंशांना आणि सेन्सर २६ ला असेल तर सेन्सरला ७५ ऐवजी ७१ टक्के दिसतात. म्हणजे स्वतः तापणारं वाय-फायचं उपकरण या डब्यात कधीच खरं उतरणार नाही. त्याचा फक्त सेन्सर आत ठेवा आणि सर्किट बाहेर. डबा जाड कापडात गुंडाळून, उन्हापासून आणि पंख्यापासून दूर, खोलीच्या आतल्या कोपऱ्यात ठेवा.

आलेला फरक वहीत लिहा, पण ७५ च्या एकाच बिंदूवरून ऑफसेट ठरवून थांबू नका. ७५ ला चार टक्के जास्त दाखवणारं उपकरण ३३ ला बरोबर असू शकतं. तुमचं काम लेन्सच्या कपाटासारख्या ४०-५० टक्क्यांच्या पट्ट्यात असेल, तर मॅग्नेशियम क्लोराइडचा दुसरा बिंदू घ्याच, आणि मधला फरक दोन बिंदूंना जोडणाऱ्या सरळ रेषेवरून काढा. दोन्ही बिंदूंवर फरक सारखा आला तर एकच ऑफसेट पुरतो. एका बिंदूवर वर, दुसऱ्यावर खाली आणि पुढच्या चाचणीत पुन्हा निराळाच आला, तर तो सेन्सर संपला आहे. छोटे सेन्सर फार महाग नसतात. बदलून टाका, आणि नवा सेन्सर लावल्याच्या दिवशीच त्याची मिठाची चाचणी करून आकडा तारखेसह डबीवर लिहून ठेवा.